इंधनापेक्षा माणूस स्वस्त

१९९२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत ‘स्टार कंट्रोल २’ नावाचा एक संगणक-खेळ बाजारात आला. पॉल रायके आणि फ्रेड फोर्ड या दोघांनी ‘टॉइज फॉर बॉब’ या आपल्या छोट्या कंपनीत तो घडवला, अ‍ॅकोलेड कंपनीने विकला. त्यात पृथ्वीभोवती फिरणारा एक अवकाशतळ आहे. लांबच्या सफरीवरून परत आलं की तिथं यान लावायचं, आणलेली खनिजं विकायची आणि आलेल्या पैशातून पुढच्या सफरीची तयारी करायची. खेळातल्या चलनाला ‘रिसोर्स युनिट’ म्हणतात. इंधनाचं एक माप वीस युनिटला मिळतं. माणूस तीन युनिटला मिळतो.

तीस वर्षांहून अधिक काळ जगभरच्या खेळाडूंनी हा भाव पाहिला आणि ते पुढं गेले. हिशेबाचा खेळ म्हटलं की कशाला तरी काही तरी किंमत असायचीच. पण बीड जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला ही ओळ इतक्या सहज ओलांडता येऊ नये. या जिल्ह्यातलंच तलवाडा घ्या: गेवराई तालुक्यातलं गाव, बाहेरच्यांना ते त्वरितादेवीमुळं ठाऊक. दसरा सरला की या साऱ्या टापूतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि हद्द ओलांडून कर्नाटकातही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती ऊस तोडून फेडायची असते. टोळीचा हिशेब कोयत्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस असेल तर अर्धा. एखादा दिवस कामावर गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. ज्या गावात माणसाचा हिशेब असा होतो, तिथं बसून हा खेळ खेळला तर तो निराळा दिसतो, आणि मला वाटतं, खरा दिसतो.

माझं म्हणणं असं: कुणाच्या तरी मालकीचं होऊन राहण्याने एखाद्या समाजाचं आतून काय होतं, हा प्रश्न या खेळाने जितक्या गांभीर्यानं घेतला तितका त्याच्या जातीच्या दुसऱ्या खेळाने घेतल्याचं मला आढळलेलं नाही. आणि हाच खेळ, तो प्रश्न विचारत असताना, खेळणाऱ्याच्या हातात अशी खतावणी देतो की जिच्यात माणूस चिल्लर आहे. या दोन गोष्टी एकाच पडद्यावर नांदतात. कर्त्यांना हे अर्धं कळलं होतं, अर्धं निसटलं. त्या निसटलेल्या अर्ध्याबद्दलच मला अधिक बोलायचं आहे.

आधी खेळ थोडक्यात. साल २१५५. मानव आणि त्यांचे मित्र एका मोठ्या युद्धात हरले आहेत. तुम्ही दूरच्या एका ग्रहावर वाढलेले कप्तान आहात. कोण्या प्राचीन, नाहीशा झालेल्या जमातीच्या यंत्रशाळेत बांधलेलं यान घेऊन पृथ्वीकडे येता, तर पृथ्वी एका लाल कवचाखाली बंद. खेळाच्या खोक्यात ताऱ्यांचा छापील नकाशा यायचा. पाचशेच्या आसपास तारे, त्यांच्याभोवती हजारो ग्रह. कुठं जायचं हे कुणी सांगत नाही. यान ग्रहाभोवती फिरतं, त्यातून बारा माणसांची एक छोटी गाडी खाली उतरते आणि खनिजं गोळा करते. खाली भूकंप आहेत, विजा आहेत, तापलेली जमीन आहे, चावणारे प्राणी आहेत. प्रत्येक तडाख्यागणिक बारातला एक ठिपका विझतो.

वाटेत भेटतात त्या परक्या जमाती, आणि खेळाचा जीव त्यांच्या बोलण्यात आहे. पानंच्या पानं भरतील इतकं संभाषण. कोणी भित्रे, कोणी बढाईखोर, कोणी आपल्याच धर्मवेडात बुडालेले. स्पाथी नावाची एक घाबरट जमात आहे. शत्रूची चाकरी सुटल्यावर ते काय करतात? जे कवच शत्रूने शिक्षा म्हणून इतरांवर घातलं, तेच स्वतः होऊन आपल्या ग्रहावर ओढून घेतात आणि आत निवांत बसतात. विनोदी प्रसंग आहे, हसूही येतं. पण सुरक्षितपणाच्या बदल्यात कोंडून घ्यायला तयार होणारी माणसं पाहायला आपल्याला आकाशात जावं लागत नाही.

शत्रूचं नाव उर-क्वान. त्यांचा नियम सोपा. हरलेल्याने दोनातलं एक निवडायचं: आमच्यासाठी लढणारे मांडलिक व्हा, किंवा आपल्या ग्रहावर कवचाखाली कायमचे बंद व्हा. मानवांनी दुसरं निवडलं. त्यावर पाचशे वर्षांहून जुनी सगळी बांधकामं उर-क्वानांनी पाडून टाकली. वेरूळचं लेणं यातून सुटलं नसणार, असा विचार मराठवाड्यातल्या खेळाडूच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

मांडलिकीची अट वाचतानाही आपल्याकडचा माणूस थबकतो. १७९८ साली निजामाने वेलस्लीची तैनाती फौज स्वीकारली. हिंदुस्थानातल्या मोठ्या सत्तांमधला तो पहिला. फौज इंग्रजांची, खर्च निजामाचा, परराष्ट्र-व्यवहार इंग्रजांच्या हाती. पुढं ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या वेगळ्या फौजेच्या खर्चाची बाकी तुंबत गेली आणि १८५३ साली त्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. आपल्याला बांधून ठेवणाऱ्या फौजेचं बिल आपणच भरायचं, आणि नाही भरता आलं तर मुलूख द्यायचा. बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत त्याच राज्यात होता. म्हणजे मांडलिकाचा मांडलिक. कॅलिफोर्नियातल्या दोन तरुणांच्या डोक्यात हैदराबाद असण्याचं कारण नव्हतं. पण मालकीचं तंत्र कुठंही सारखंच चालतं, म्हणून त्यांनी कल्पनेनं रचलेली अट आपल्या दप्तरात सापडते.

इथपर्यंत उर-क्वान नेहमीचे खलनायक वाटतात. पुढं खेळ वळण घेतो. एक विशिष्ट प्रश्न विशिष्ट रीतीनं विचारला की उर-क्वानांना थांबून आपली कहाणी सांगावीच लागते. ती अशी. हे मुळात एकटे राहणारे शिकारी प्राणी. दुसऱ्याची चाहूलही त्यांना सहन व्हायची नाही. टालो नावाच्या एका जमातीशी मात्र त्यांची मैत्री जमली, पहिली आणि एकमेव. मग डिन्यारी आले, बेडकासारखे दिसणारे, मनाचा ताबा घेणारे जीव. हजारो वर्षं उर-क्वान त्यांच्या मनोबळाखाली गुलाम राहिले. डिन्यारींनी त्यांची जात बदलून दोन वाण केले, एक हिरवा, एक काळा. टालोंवर डिन्यारींची मात्रा चालत नव्हती, म्हणून उर-क्वानांच्याच हातून टालो मारवले. अखेर एका उर-क्वान शास्त्रज्ञाला कळलं की असह्य वेदना होत असेल तेव्हा मनावरचा ताबा सुटतो. त्यांनी स्वतःला यातना देणारी यंत्रं बनवली, ती अंगावर बांधली आणि त्या यातनेत बंड करून मोकळे झाले.

मोकळे झाल्यावर त्यांनी एकच धडा घेतला: आमच्यावर पुन्हा कुणाचाही ताबा नको. हिरव्या उर-क्वानांनी त्याचा अर्थ लावला, सगळ्यांना आपल्या ताब्यात ठेवा. काळ्यांनी लावला, सगळ्यांना मारून टाका. खेळातलं मोठं युद्ध या दोन अर्थांमधलं आहे. हरलेले डिन्यारी कुठं आहेत? उर-क्वानांनी त्यांची बुद्धी काढून घेऊन त्यांना दुभाषे केलं. हीन जमातींशी आपल्या तोंडानं बोलणं उर-क्वानांना कमीपणाचं वाटतं, म्हणून बोलायला जुना मालक पाळून ठेवला आहे.

ही कहाणी ऐकल्यावर गोळ्या झाडणं अवघड होतं, आणि तसं व्हावं हीच कर्त्यांची इच्छा. पीडित माणूस आपोआप न्यायी होतो, ही समजूत आपल्या सार्वजनिक जीवनात फार पक्की आहे. प्रत्येक समाजाकडे अन्यायाची एक वही असते आणि ती दाखवून पुढच्या सगळ्या गोष्टींची परवानगी काढता येते. उर-क्वानांची वही खोटी नाही. तिच्यातली एकही नोंद खेळ नाकारत नाही. तो फक्त दाखवतो की खऱ्या जखमेतूनही खोटा निष्कर्ष निघू शकतो. मराठीत विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी, अगदी जयंत नारळीकरांसारख्यांनीही, परग्रहवासी आणले. पण परग्रहवासीयाच्या दुःखाची इतकी लांब चौकशी मला तिथं वाचायला मिळाली नाही. त्यांचा ओढा कुतूहलाकडे होता, आणि तो त्यांचा हक्कच.

आता खेळणाऱ्याकडे वळू, कारण तो निर्दोष राहत नाही.

इलरॅथ नावाची एक क्रूर, देवभोळी जमात आहे. तुम्ही एका ध्वनिक्षेपक यंत्रावरून त्यांच्या देवाचा आवाज काढता आणि त्यांना थ्रॅडॅश नावाच्या दुसऱ्या जमातीवर सोडता. दोन्ही जमाती एकमेकींना संपवतात. तुमचा रस्ता मोकळा. खेळ याला शाबासकी देत नाही, पण शिक्षाही करत नाही. आणि अखेरच्या मोहिमेत उर-क्वानांच्या महायुद्धनौकेपर्यंत पोचायचं तर पहाऱ्याची जहाजं बाजूला सारावी लागतात. त्यासाठी तुम्ही कोणाला सोबत घेता? बुद्धी परत आलेल्या एका डिन्यारीला. तो उर-क्वानांच्या मनाचा ताबा घेतो, अगदी पूर्वीसारखा. ज्या गुलामीतून हा सगळा इतिहास उगवला तीच गुलामी, थोडा वेळ का होईना, स्वातंत्र्याचा कप्तान पुन्हा वापरतो. कर्त्यांना हे ठाऊक होतं, याबद्दल मला शंका नाही. इतकी अचूक गाठ योगायोगानं पडत नाही.

ठाऊक असल्याचा आणखी एक पुरावा ड्रूज नावाच्या व्यापारी जमातीत आहे. त्यांच्याकडे हवी ती वस्तू मिळते आणि मोबदल्यात ते तुमची माणसं घेतात. मोकळ्या भाषेत, तुम्ही आपले खलाशी गुलाम म्हणून विकता. पैशाची चणचण असताना मोह होतोच. पण विक्री वाढली की अवकाशतळावर बातमी पोचते आणि भरतीचा भाव चढतो. तीन युनिटचा माणूस महाग होतो. विकणाऱ्या कप्तानाकडे कामाला यायला कुणी राजी नाही. एवढ्या एका आकड्यातून खेळ सांगून जातो की माणसं आपापसांत बोलतात.

नेमकं इथंच तो थांबतो. भाव चढतो, पण माणूस बोलत नाही. साऱ्या आकाशगंगेत प्रत्येकाला जीभ आहे. वायूच्या ग्रहात तरंगणाऱ्यांना आहे, बुरशीसारख्या जीवांना आहे, यंत्रांना आहे. तुमच्या यानातल्या हिरव्या ठिपक्यांना ती नाही. लढाईत यानाची ताकद म्हणजे त्यावरचे खलाशी. गोळी लागली की ठिपके कमी. एक ठिपका कधीही म्हणत नाही की त्या तापलेल्या ग्रहावर मी उतरणार नाही, मागच्या खेपेला बारातले नऊ गेले. उर-क्वानांना त्यांच्या क्रौर्याचं कारण विचारता येतं, आपल्या खलाशाला नाव विचारता येत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. खेळच आहे हा. बुद्धिबळात प्यादं जातं तेव्हा कुणी शोक करत नाही, मग ठिपक्यांचं काय घेऊन बसलात? शिवाय खऱ्या माणसांच्या कष्टाला पडद्यावरच्या ठिपक्याशेजारी बसवणं हाच त्या कष्टाचा अपमान नाही का? पहिल्याला माझं उत्तर असं की बुद्धिबळ प्याद्याला भाव लावून विकत नाही आणि प्यादं विकलं तर बाजार चिडतो असंही दाखवत नाही. या खेळाने स्वतः होऊन माणसाच्या किमतीचा विषय काढला, मग त्याला त्या विषयावर प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे. दुसऱ्या आक्षेपाला उत्तर देणं मला जड जातं. अपमान होऊ शकतो. पण माणसाला ठिपका करण्याची सुरुवात खेळांनी केलेली नाही. २०१९ साली बीडचं नाव देशभर गाजलं ते ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळं. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, हे त्यामागच्या कारणांपैकी एक म्हणून पुढं आलं. सरकारने चौकशी समिती नेमली. त्या बायका कोणाच्या तरी वहीत अर्धा कोयता होत्या, आणि कोयता बंद राहणं परवडत नव्हतं. या हिशेबापुढं कुठल्याही खेळातला हिशेब सौम्य आहे.

आपला इतिहास तरी वेगळा कुठं सांगतो? राक्षसभुवन गेवराई तालुक्यातच आहे, गोदावरीच्या काठी, शनीच्या देवळासाठी प्रसिद्ध. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथं माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. नदीला पूर होता. निजामअली सैन्याचा काही भाग घेऊन पलीकडे गेलेला, दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे. ती फौज कोंडीत सापडली आणि विठ्ठल सुंदर मारला गेला. माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे होते. डावपेचाचा उत्तम नमुना म्हणून ही लढाई शिकवली जाते आणि ती तशी आहेच: नदी, वेळ, शत्रूचे दोन तुकडे. पण ही गोष्ट आपण कायम पेशव्याच्या खोगिरावरून पाहतो. शिलेदाराचा घोडा घरचा, बारगिराचा सरकारी. घोडा मेला तर त्याची नोंद आणि भरपाईचा वाद असायचा. बारगीर त्या पुराच्या दिवशी काय म्हणत होता, हे सांगणारं पान मी वाचलेलं नाही. डावपेचाच्या खेळांनी हीच बैठक उचलली. १९९३ मध्ये ‘मास्टर ऑफ ओरायन’च्या निमित्तानं अ‍ॅलन एम्रिच या समीक्षकाने या खेळांचं सूत्रच बांधलं: शोधा, पसरा, उपसा, संपवा. खेळणाऱ्याला नेहमी सिंहासन मिळतं. ‘स्टार कंट्रोल २’ या सूत्रात बसत नाही, त्यात साम्राज्य वाढवायचं नसतं, ऐकत हिंडायचं असतं. म्हणूनच त्याच्याकडून अपेक्षा जास्त, आणि म्हणूनच तिथले मुके ठिपके जास्त खुपतात.

मालकीची गंमत खेळाबाहेरही सुटली नाही. २००२ साली रायके आणि फोर्ड यांनी खेळाचा मूळ कोड सर्वांना खुला केला. पण ‘स्टार कंट्रोल’ या नावाचा व्यापारी हक्क त्यांच्याकडे नव्हता, त्यामुळं आपलाच खेळ त्यांना ‘द उर-क्वान मास्टर्स’ या दुसऱ्या नावाने द्यावा लागला. पुढं नावाचा हक्क हातोहात विकला गेला, त्यावरून नव्या हक्कधारकाशी कोर्टकचेरी झाली आणि २०१९ मध्ये तडजोड. दोन्ही पक्षांतले प्रमुख मधमाश्या पाळणारे निघाले, ही त्या भांडणातली एकमेव गोड गोष्ट. आपल्या कामाचा फायदा असा की हा खेळ आज फुकट मिळतो आणि जुन्या, घासलेल्या लॅपटॉपवरही चालतो. तलवाड्यातल्या कॉलेजच्या पोराला तो सहज खेळता येईल, इंग्रजी मात्र भरपूर वाचावं लागेल.

असं एखादं पोर उद्या स्वतः खेळ बनवायला बसलं, तर त्याने उर-क्वानांची नक्कल करू नये, ठिपक्यांपासून सुरुवात करावी. तारे नकोत. नकाशा तलवाड्यापासून कारखान्याच्या फडापर्यंतचा. पहिल्याच पडद्यावर उचल किती घ्यायची हा प्रश्न, आणि खेळणारा कारखान्याचा अध्यक्ष किंवा पेशवा नसून एक कोयता. म्हणजे खेळणारे दोघं, आणि दोघांचं मत प्रत्येक वेळी एक असेल असं नाही. शाळेतल्या मुलीला आजीजवळ ठेवायचं की फडावरच्या झोपडीत, कोपीवर न्यायचं, हा डाव. ताप अंगावर काढायचा की खाडा पडू द्यायचा, हाही डाव. नाही म्हणायचं एक बटण असावं आणि ते दाबल्याचा खर्च दिसावा. अशा खेळात अवघड भाग मुकादमाचा. त्याला खलनायक करून टाकणं सोपं आहे, पण चुकीचं होईल. वर कारखाना आणि खाली टोळी यांच्यामध्ये तो स्वतःही बुडीत उचलीच्या भीतीनं झोपत नाही, आणि पुष्कळदा तो कधीकाळी कोयताच होता. उर-क्वानांसारखीच त्याचीही कहाणी खेळणाऱ्याने थांबून विचारावी लागेल.